दोन बोटं माया

“यात माया किती ठेवलीय?”

प्रश्न दाराकडून आला. परीक्षक म्हणून बसलेले आम्ही चौघं पडद्याकडे पाहत होतो आणि शिवणाच्या कार्यशाळेतले मास्तर गळ्यात टेप अडकवून दारातच उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दुपारपर्यंत विद्यार्थ्यांची सात सादरीकरणं झाली होती, आठवं चालू होतं. सगळ्यांना विषय एकच दिलेला : पर्यावरणाचं भान ठेवणारा कपड्यांचा एक छोटा ब्रँड उभा करा, त्याचं नाव, बोधचिन्ह, पॅकेजिंग ठरवा आणि त्याच्यासाठी ६० चौरस मीटरचं दुकान आखा.

तिसऱ्या वर्षाची ती मुलगी हातात शर्ट धरून सांगत होती, की तिच्या कटिंगमध्ये कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. प्रश्न ऐकून ती अडखळली.

“एक सेंटिमीटर, मास्तर. सगळीकडे तेवढीच असते.”

“मग घालणारा अंगानं जरा सुटला, की शर्ट टाकूनच द्यायचा ना?” एवढं बोलून मास्तर निघून गेले. त्यांना एका मशीनचा पट्टा बसवायचा होता.

कापड कापताना शिवणीच्या रेघेबाहेर जे कापड राखून ठेवतात ती माया. बाहेरून ती दिसत नाही. शर्ट उलटा केला की शिवणीलगत जी पट्टी दिसते, तीच. मापानं शिवणारा शिंपी बाजूच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवतो, खालच्या दुमडीत त्याहून जास्त, कारण माणसाचं अंग बदलतं हे त्यानं धरूनच चाललेलं असतं. कारखान्यातल्या तयार कपड्यात मात्र ती जेमतेम एक सेंटिमीटर उरते. ओव्हरलॉक मशीनला सुईशेजारी एक पातं असतं. टाके पडत असतानाच ते कडेचं जास्तीचं कापड छाटत जातं. शिवण सुबक दिसते, वेळ वाचतो आणि एका कपड्यामागे वाचलेली बोटभर पट्टी लाखभर कपड्यांत मोठा हिशेब होऊन बसते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण असा कपडा सैल करायला घ्यावा, तर सोडायला आत काही नसतं. ज्या दिवशी तो शिवला, त्याच दिवशी त्याचं माप कायमचं ठरून गेलेलं असतं.

मी दुकानं आखते. इतकी वर्षं कपड्यांच्या दुकानांचे नकाशे काढले, पण शर्टाच्या आत किती कापड आहे याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे शिकवण्याची रीतही तशीच. कपडा एक जण शिकवतो, ब्रँड दुसरा, दुकान तिसरा. मुलं तीन वेगवेगळ्या वारी तीन वेगवेगळ्या वह्या घेऊन येतात. मास्तरांच्या त्या एका प्रश्नानं पुढच्या काही आठवड्यांत या तिन्ही वह्या एकत्र कशा आल्या, ते मला लिहून ठेवायचं आहे.

त्याआधी त्या दिवशीच्या पहिल्या सात सादरीकरणांबद्दल. त्यातल्या पाचांचा रंग एकच होता : मातकट पांढऱ्यावर फिका हिरवा. पाचांच्याही बोधचिन्हात कुठे ना कुठे पान होतं. खाकी पुठ्ठ्याचा टॅग, त्याला सुतळी, दुकानात सोललेल्या लाकडाच्या फळ्या आणि टांगलेल्या कुंड्या. मुलांनी हे मन लावून केलेलं असतं, रात्री जागून केलेलं असतं, म्हणूनच ते पाहताना जीव तुटतो. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की पर्यावरण म्हणजे एक रंग आहे.

‘सस्टेनेबल’ला आपण पुस्तकी मराठीत ‘शाश्वत’ म्हणतो. कपडा हातात घेऊन उभा असलेला माणूस मात्र विचारतो, ‘टिकाऊ आहे का?’ मला हा दुसरा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. शाश्वत म्हटलं की मान डोलवून पुढे जाता येतं. टिकाऊ म्हटलं की लगेच पुढचे प्रश्न येतात : किती दिवस? किती धुण्यांत? उसवलं तर कोण शिवून देणार? ज्या शब्दाला प्रश्न विचारता येतो, तो शब्द ब्रँडनं घ्यावा, असं मी मुलांना सांगत असते.

पर्यावरणाच्या काळजीचा नुसता देखावा म्हणजे ‘ग्रीनवॉशिंग’. हा शब्द जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्यानं १९८६ मध्ये वापरात आणला, आणि त्याचं निमित्त होतं हॉटेलातले टॉवेल. निसर्ग वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा, अशी पाटी खोलीत लागलेली. बाकीच्या कारभारात मात्र निसर्गासाठी फारसं काही केलेलं नाही. चाळीस वर्षं होत आली. आता तीच पाटी टॅगवर छापून येते. ब्रिटनमध्ये बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेनं सप्टेंबर २०२१ मध्ये पर्यावरणाच्या दाव्यांसाठी नियमावलीच काढली : दावा खरा हवा, स्पष्ट हवा, पुराव्यानिशी हवा आणि वस्तूच्या पूर्ण आयुष्याचा विचार करून केलेला हवा.

ही नियमावली वाचल्यापासून मी मुलांना एक वही घालायला लावते. डाव्या पानावर त्यांनी ब्रँडसाठी वापरलेलं विशेषण, उजव्या पानावर त्याचा पुरावा. पुरावा नसेल तर विशेषण खोडायचं. ‘सेंद्रिय’ लिहिलं, तर उजवीकडे काय? जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्राच्या नियमानं लेबलवर नुसतं ‘सेंद्रिय’ लिहायला किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय लागतो. ‘सेंद्रिय धाग्यांचा वापर करून’ अशा लेबलाला ७० टक्के चालतो. हा फरक वाचताना डोळ्यांतून निसटतो, शेतात निसटत नाही. ‘१०० टक्के सुती’ लिहिलं, तर शिवणीचा दोरा कसला आहे? बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा. मानेमागचं लेबल? तेही पॉलिएस्टरचं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेलं बक्रम? बटणं? पहिल्या आठवड्यात मुलं या वहीवर रागावतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत डावं पान जवळजवळ रिकामं झालेलं असतं, आणि मग त्यांच्या बोलण्याला वजन येऊ लागतं.

‘पुनर्वापर’ या शब्दाशी तर मी बराच वेळ थांबते. पुनर्वापरातलं म्हणून विकलं जाणारं पॉलिएस्टर बहुतांशी प्लास्टिकच्या बाटल्यांपासून येतं, जुन्या कपड्यांपासून नाही. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, आणि तीही पुन्हापुन्हा. तिचा शर्ट झाला की तिचा रस्ता बहुधा तिथेच संपतो. एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार, कपडे बनवायला जेवढा माल लागतो, त्यातला एक टक्क्याहूनही कमी भाग पुढे पुन्हा कपड्यांत येतो. कारणं कुणालाही हातानं तपासता येतात. सूत आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात पिळलेले, त्यावर रंग, मग चेन, रिव्हेट, रबराची छपाई. हे सगळं सुटं करायचं कुणी आणि कसं? म्हणजे जे वापरात आहे ते वापरात ठेवणं, हा उपाय साधा वाटला तरी सध्या तोच सगळ्यात खणखणीत आहे.

पेटागोनिया या कपड्यांच्या कंपनीची जाहिरात मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. २५ नोव्हेंबर २०११, अमेरिकेतल्या मोठ्या खरेदीचा दिवस. न्यूयॉर्क टाइम्सच्या पानभर जाहिरातीत कंपनीचं स्वतःचं जाकीट आणि वर मथळा, हे जाकीट विकत घेऊ नका. मथळा सगळ्यांना माहीत असतो. मला महत्त्वाचा वाटतो तो खालचा बारीक मजकूर. या जाकिटाला १३५ लिटर पाणी लागलं, गोदामात पोचेपर्यंत त्याच्या वजनाच्या २४ पट कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, वजनाच्या दोन तृतीयांश एवढा कचरा मागे राहिला, हे कंपनीनं स्वतः छापलं. पुढच्या काळात कंपनीची विक्री कमी झाली नाही, वाढली. यावर वर्गात दरवर्षी भांडण होतं. मुलं म्हणतात, मग ती शेवटी जाहिरातच ना! मी म्हणते, हो, जाहिरातच. पण आपल्या मालाचं नुकसान स्वतःच्या आकड्यांत सांगणारी किती पानं तुम्ही पाहिलीत? दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि मला हे भांडण मिटवायचंही नाही.

आता त्या मुलीकडे येते.

तिच्या शर्टात खरोखरच चिंधी उरत नव्हती. नेहमीच्या कापणीत साधारण १५ टक्के कापड टेबलाखाली जातं, असा अंदाज दिला जातो. तिनं शर्टाचे सगळे भाग आयताकृती आणि तिरक्या तुकड्यांत असे बसवले होते, की कापडाचा काठ ते काठ वापर व्हावा. या वाटेनं मोठमोठी माणसं गेली आहेत. जपानी फॅशन डिझायनर इसे मियाके यांनी डाय फुजिवारांबरोबर १९९० च्या दशकाच्या शेवटी ए-पॉक केलं : मशीनमधून नळीसारखं विणलेलं अख्खं कापड बाहेर येई, त्यावरच कपड्याच्या रेषा असत, आणि घालणाऱ्यानं त्या रेषांवर कापलं की कपडा तयार. पण या मुलीच्या शर्टात कोडं सोडवताना थोडं कापड जास्तीचं झालं होतं आणि वाया घालवायचं नाही म्हणून तिनं त्याची पाठीवर झालर केली होती. मास्तर गेल्यावर ती बराच वेळ त्या झालरीकडे पाहत होती. मला वाटलं, रडते की काय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कार्यशाळेत झालर उसवत बसलेली दिसली.

तिनं केलं ते इतकंच : पाठीवरचं कापड शिवणीच्या आत नेलं. बाजूच्या शिवणींना एकाऐवजी अडीच सेंटिमीटर माया. शर्टाच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा भाग, म्हणजे चार कडा. प्रत्येक कडेचा दीड सेंटिमीटर सोडला की घेर सहा सेंटिमीटरनं वाढतो. तयार कपड्यांत एका मापातून पुढच्या मापात जायला साधारण तेवढाच फरक लागतो. अडचण आली बगलेत, कारण तिथे बाही वेगळी जोडली असेल तर बाजू सोडून भागत नाही, सगळा गोल उसवावा लागतो. मग मास्तरांनी तिला जुनी रीत दाखवली : बाही आधी खांद्याला सपाट जोडून घ्यायची आणि मग मनगटापासून बगलेतून थेट खालच्या कडेपर्यंत एकच शिवण मारायची. उसवायची तीही एकच.

हे सगळं पाहताना मला रायन यासिन यांचं काम आठवत होतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकताना त्यांनी लहान मुलांसाठी चुण्यांचे कपडे केले, मूल वाढेल तशा त्या चुण्या उलगडतात. ते मूळचे विमानविद्येचे अभियंते आणि घडी होऊन अवकाशात जाणाऱ्या रचनांचा त्यांचा अभ्यास होता. ‘पेटी प्ली’ नावाच्या या कामाला २०१७ मध्ये जेम्स डायसन पुरस्काराचा ब्रिटनमधला मान मिळाला. विद्यार्थ्याचाच प्रकल्प तो. मी या मुलीला त्याची छायाचित्रं दाखवली. तिनं ती नीट पाहिली आणि म्हणाली, “मॅडम, हे फार सुंदर आहे. पण यातलं वाढणं बाहेर दिसतं. माझं आत आहे.” मला तिचं म्हणणं पटलं, आणि तिच्या प्रकल्पाचा पुढचा सगळा पेच याच वाक्यात होता. जे आत आहे, ते दुकानात दाखवायचं कसं?

तिनं तीन कापडांवर चाचणी केली : गडद निळं, करडं आणि न रंगवलेलं. प्रत्येक शर्ट वीस वेळा धुतला, मग बाजू उसवून सैल केली. न रंगवलेल्या कापडात फरक जवळजवळ दिसला नाही. निळ्यात मात्र आतली पट्टी गडद निघाली आणि जुन्या टाक्यांच्या भोकांची बारीक रेघ राहिली. मी गृहीत धरलं की ती न रंगवलेलं कापड घेणार. तिनं निळं घेतलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “हा कपडा किती वेळा सोडलाय ते दिसायला हवं ना.” बोधचिन्ह तिथेच जन्मलं. एक सलग रेघ, शेजारी ठिपक्यांची रेघ. नवी शिवण आणि जुनी शिवण. पान नाही, हिरवा नाही. ब्रँडचं नाव तिनं ठेवलं ‘दोन बोटं’.

टॅगवर तिनं एकही विशेषण लिहिलं नाही. शर्टाची छोटी रेखाकृती आणि दोन आकडे : घेरात ६ सेंमी, उंचीत ४ सेंमी. बस. मला ब्रँडिंगमधली ही गोष्ट फार मोठी वाटते. सेंद्रिय धाग्याचा दावा मला दुकानात उभं राहून तपासता येत नाही, प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा लागतो. हा दावा कुणीही शर्ट उलटा करून टेपनं मोजू शकतं. ज्याची कागदपत्रं वाचायची ऐपत नाही, वेळ नाही, भाषा येत नाही, त्यालाही तो तपासता येतो. म्हणून तिच्या दुकानात निम्मे शर्ट हँगरवर उलटेच टांगलेले होते.

आणि दुकान! इथे माझ्या विषयाला हात लागला. आधी तिची सहा मापं होती. प्रत्येक शर्ट दोन मापं सांभाळू लागल्यावर तीनच उरली. सहाची तीन झाली की मागच्या खोलीतला साठा निम्म्यावर येतो, कारण प्रत्येक रंगाचं प्रत्येक माप ठेवावंच लागतं आणि नेमकी कोपऱ्यातली मापं न विकता पडून राहतात. न विकलेल्या कपड्यांचं काय करायचं हा आता कायद्याचा प्रश्न झालाय. युरोपीय संघानं २०२४ मध्ये जो नियम केला, त्यानुसार मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून न विकलेले कपडे नष्ट करायला मनाई आहे. मुलीच्या नकाशात मागची खोली १८ चौरस मीटरची होती, ती ८ वर आली. सुटलेले दहा चौरस मीटर तिनं दुरुस्तीच्या टेबलाला दिले. शिवणीतल्या दीड सेंटिमीटरनं माझ्या नकाशातली भिंत हलवली. एवढ्या वर्षांत असा नकाशा मी पाहिला नव्हता.

टेबल कुठे ठेवायचं यावर आमचे चार तास गेले. तिनं आधी ते दारातच ठेवलं होतं. दुकानांचा अभ्यास करणारे पॅको अंडरहिल यांनी दाखवून दिलंय की दारातून आत आल्यावरच्या पहिल्या काही पावलांत माणसाचं कशाकडेच लक्ष नसतं. चाल मंदावत असते, डोळे नव्या उजेडाला सरावत असतात. तिथे मांडलेलं वाया जातं. म्हणून टेबल आत सरकलं, पण दारातून नजरेत राहील असं. उजेड लक्समध्ये मोजतात. दुकानाला साधारण ३०० लक्स उजेड पुरतो. शिवणकामाला ७५० लागतो. मग साऱ्या दुकानात लख्ख उजेड करायचा नाही, बाकीचं दुकान मंद ठेवून टेबलावरच प्रकाश द्यायचा, म्हणजे विजेचीही बचत आणि नजरही आपोआप तिकडेच. ट्रायल रूम दोन माणसं मावतील एवढी, कारण टाचण्या लावायला दुसरं माणूस आत लागतं. तिथला दिवा डोक्यावर नको, आरशाच्या दोन बाजूंना हवा. वरून पडलेल्या उजेडात कपड्याची प्रत्येक सुरकुती दोष वाटते आणि माणसाला स्वतःचं अंगही नकोसं होतं. जिथे अंग बदलतं हेच धरून कपडा शिवलाय, तिथे तर असा आरसा चालणारच नाही.

मग एके दुपारी मास्तर मॉडेलपाशी आले. फोमबोर्डचं छोटं दुकान, टेबलामागे एक इवलीशी आकृती, काचेकडे तोंड करून बसवलेली. त्यांनी विचारलं, “ही दिवसभर अशीच बसणार? सगळे येता-जाता बघणार तिला?” आम्ही दोघीही गप्प. कारागिराला मान द्यायचा म्हणून आम्ही त्याला शोकेसमध्ये बसवलं होतं. त्या दिवशी टेबल काटकोनात फिरलं. आता खिडकीचा उजेड डावीकडून येतो, काम करणाऱ्याला दार दिसतं, पण रस्त्यावरून त्याचा चेहरा दिसत नाही, हात दिसतात. मागे टेकायला भिंत आली. गिऱ्हाइकाला बसायला समोर बाक.

कपडे शिवणारा आणि कपडे विकणारं दुकान एका छताखाली, या कल्पनेबद्दल बोलताना मला नेहमी राणा प्लाझा आठवतं. ढाक्याजवळ सावरला आठ मजली इमारत. खाली दुकानं आणि बँक, वर कपड्यांचे कारखाने. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे दिसले. बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. शिवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. २४ तारखेला सकाळी इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. ज्या भिंती विक्रीसाठी धोक्याच्या ठरल्या, त्याच शिवणीसाठी चालतील असं कुणीतरी ठरवलं. कुणाचा जीव कुठल्या मजल्यावर किती मोलाचा, हे त्या दिवशी इतक्या उघडपणे मांडलं गेलं, की मला ते मुलांना दुकानाचा नकाशा शिकवताना सांगावंच लागतं. त्यानंतरच कॅरी सोमर्स आणि ऑर्सोला दे कास्त्रो यांनी ‘फॅशन रेव्होल्यूशन’ सुरू केलं आणि ‘माझे कपडे कोणी शिवले?’ हा प्रश्न जगभर विचारला गेला.

बरीच मुलं या प्रश्नाचं उत्तर म्हणून लेबलवर कारागिराचं नाव छापतात. मला ते पुरेसं वाटत नाही. नाव छापायला काही लागत नाही. या मुलीनं लेबलवर मिनिटं लिहिली : हा शर्ट शिवायला इतकी मिनिटं लागली. तिनं घड्याळ लावून पाच शर्ट स्वतः शिवले होते, मास्तरांनी दोन. दोघांच्या मिनिटांत जमीन-अस्मानाचा फरक होता आणि लेबलवर तिनं स्वतःची मिनिटं धरली, मास्तरांची नाही. कारण नव्यानं शिकणाऱ्यालाही त्या वेगात पोट भरता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

आता माझी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. खूप वर्षांपूर्वी मी एका कपड्यांच्या कंपनीसाठी दुकान आखलं होतं. एकशे दहा दिवस आणि कितीतरी रात्री त्या कामात गेल्या. वळणदार भिंत, तिच्यात बसवलेले कप्पे, सगळं एमडीएफवर लॅमिनेट चिकटवून केलेलं. उद्घाटनाच्या दिवशी मी त्या भिंतीवरून हात फिरवला होता. साडेतीन वर्षांनी कंपनीनं बोधचिन्हाचा रंग बदलला आणि दोन रात्रींत सगळं दुकान तोडलं. मी तिथून जात होते म्हणून दिसलं. सुताराला मी विचारलं, यातलं काही दुसरीकडे वापरता येईल का? त्यानं एक फळी उचलून दाखवली. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये दाबून केलेली फळी. लॅमिनेट तिच्यापासून सुटत नव्हतं, स्क्रू एकदा निघाल्यावर त्या भोकात पुन्हा धरत नव्हता. सगळं ट्रकमध्ये गेलं. कंपनीनं रंग बदलला ही तिची मर्जी. पण ते दुकान सुटं होणारच नाही असं मीच काढलं होतं. माझ्या कामात एक बोटही माया नव्हती, हे मला मास्तरांचा प्रश्न ऐकेपर्यंत या शब्दांत सांगता आलं नव्हतं.

ते दुकान तुटताना पाहिल्यापासून मी मुलांकडून एक जास्तीचा नकाशा मागते. दुकान बांधायचा नव्हे, उतरवायचा. कुठला स्क्रू आधी, कुठली फळी कुणाला जाणार, काय उरणार. गोंद दिसला की गुण कापते. हा नकाशा काढायला बसल्यावर पहिल्या आराखड्यातलं निम्मं सामान मुलं आपणहून काढून टाकतात. मग उदाहरणं बघायला मजा येते. कॉम दे गार्सों या जपानी फॅशन घराण्यानं २००४ मध्ये बर्लिनला जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या जागेत दुकान थाटलं. सजावट फारशी केलीच नाही, आधीच्या खुणा तशाच ठेवल्या आणि वर्षभरानं बंद करायचं हे आधीच जाहीर केलं. त्यांचा हेतू पर्यावरणाचा नव्हता, तरी शिकण्यासारखं त्यात भरपूर आहे : सगळ्यात कमी कचरा करणारं दुकान म्हणजे जिथे कमीत कमी हात लावला ते. फ्रायटाग बंधू १९९३ पासून ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या बॅगा करतात. त्यांनी २००६ मध्ये झुरिकला वापरून झालेल्या मालवाहू कंटेनरांचा मनोरा रचून दुकान केलं. तिथे ते शोभतं, कारण ताडपत्री आणि कंटेनर एकाच रस्त्यावरून आलेले. पण तेव्हापासून दर वर्षी तीन-चार मुलं कंटेनरचं दुकान घेऊन येतात. पोलादाची पेटी उन्हात तापते, थंडीत गारठते, ती राहण्याजोगी करायला अस्तर घालावं लागतं, यंत्रं लावावी लागतात. जवळची रिकामी खोली सोडून कंटेनर आणण्यात काय वाचलं, हे त्यांना वहीच्या उजव्या पानावर लिहावं लागतं.

अंतिम ज्युरीला मास्तरांना रीतसर बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून, टेप खिशात ठेवून ते पाचव्या खुर्चीवर बसले. ती मुलगी बोलायला उभी राहिली, पहिली स्लाइड लागली आणि मास्तरांनी हात वर केला. “ते नंतर बघू. शर्ट इकडे द्या.”

त्यांनी शर्ट उलटा केला, बाजूच्या शिवणीवर दोन बोटं टेकवली, खिशातून उसवणी काढली आणि आमच्यासमोरच ती शिवण मनगटापासून खालपर्यंत उसवली. मग दुसरी. आम्ही सगळे खुर्च्या सोडून भोवती उभे राहिलो. कोपऱ्यात दाखवायला म्हणून आणलेलं मशीन त्यांनी जोडून घेतलं आणि नव्या रेघेवर टीप मारली. कुणी बोललं नाही. पडद्यावर पहिलीच स्लाइड होती. दोरा तोडून त्यांनी शर्ट झटकला आणि आमच्यातले जे जरा अंगानं भरलेले सर होते, त्यांच्याकडे दिला. आधी तो त्यांच्या छातीवर बटणाला ताणत होता. आता बटणं लागली. निळ्या कापडावर गडद पट्टी आणि ठिपक्यांची रेघ स्पष्ट दिसत होती.

सरांनी दोन्ही हात वर केले. “बगलेत ओढतंय.”

मास्तरांनी त्यांच्या बगलेत बोट घालून पाहिलं आणि मुलीकडे वळून म्हणाले, “इथं अजून अर्धं बोट हवं होतं.”

तिनं वही उघडली आणि उजव्या पानावर ते लिहून घेतलं.